फट आणि झरोका : इमारतींतील हवागळती मोजणाऱ्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाची नारपोलीच्या संदर्भात समीक्षा

प्रास्ताविक

इमारतीतून किती हवा गळते हे यंत्राने मोजता येते आणि त्यासाठी वेगळा तंत्रज्ञ तयार करावा लागतो, ही कल्पना आपल्याकडे अद्याप नवखी आहे. ‘गळती’ म्हटले की आपल्याला पावसाळ्यातले छप्पर आठवते. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना विद्यार्थ्यांची गळती आठवते. हवेची गळती सहसा आठवत नाही, कारण बहुतांश महाराष्ट्रात घराने वाहती हवा आत घ्यावी अशीच अपेक्षा असते. तथापि इमारतींच्या ऊर्जावापरावरील नियम जसजसे कडक होतील, तसतसे हे काम आणि त्याचे अभ्यासक्रम आपल्याकडे येतील. ते परदेशात घडलेल्या नमुन्यावर बेतलेले असण्याचा संभव अधिक आहे. प्रस्तुत लेखात त्या नमुन्याची समीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. कसोटी म्हणून भिवंडी शहरातील नारपोली हा यंत्रमागांचा परिसर घेतला आहे.

मराठीत ‘फट’ आणि ‘झरोका’ असे दोन शब्द आहेत. दोन्हींतून हवा जाते. फट राहून जाते, झरोका ठेवलेला असतो. सध्याचे प्रशिक्षण फट शोधण्यात तरबेज करते. एखादी फट झरोक्याचे काम करू लागली आहे का, हा प्रश्न मात्र ते विचारत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नमुन्याची जडणघडण

हवागळती मोजण्याचे आजचे साधन १९७० च्या दशकातले आहे. तेलसंकटानंतर थंड देशांना घर तापवण्याचा खर्च जाचू लागला. स्वीडनमध्ये खिडकीत पंखा बसवून घरातील हवेचा दाब बदलायचा आणि तो दाब टिकवण्यासाठी किती हवा ढकलावी लागते हे मोजायचे, अशी पद्धत निघाली. ती अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात पोहोचली, तेव्हा पंखा खिडकीतून दारात आला. तेथील संशोधक न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीतील घरांचा अभ्यास करीत होते. उष्णता केवळ दाराखिडक्यांच्या फटींतून जात नाही, भिंतींच्या पोकळीतून माळ्याकडे जाणाऱ्या छुप्या वाटांनीही जाते, असे त्यांना आढळले. यातूनच ‘हाउस डॉक्टर’ ही कल्पना पुढे आली. तंत्रज्ञाने घरी जावे, पंखा लावावा, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने फटी शोधाव्यात आणि शक्य तेवढ्या त्याच भेटीत बुजवाव्यात. मोजणे आणि बरे करणे ही दोन्ही कामे एकाच हाताची होती, हे या आरंभीच्या प्रशिक्षणाचे मोठेपण होय.

पुढे हे दोन हात वेगळे झाले. ब्रिटनमध्ये २००६ पासून नव्या घरांसाठी बांधकाम नियमांत चाचणी आली आणि ५० पास्कल दाबाला, बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरमागे ताशी १० घनमीटर ही मर्यादा ठरली. फ्रान्समध्ये २०१२ च्या नियमावलीनंतर नव्या घरांची मोजणी प्रमाणित मोजणीदारानेच करायची असे ठरले. तंत्रज्ञाची भूमिका उपचार करणाऱ्या वैद्यापेक्षा परीक्षकाची झाली. परिणाम काय झाला? ब्रिटनमधील नव्या घरांच्या चाचण्यांचे विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बरीच घरे ठरवलेल्या उद्दिष्टाच्या अगदी अलीकडे येऊन थांबलेली दिसली. इतक्या घरांची फटींची बेरीज योगायोगाने एकाच जागी यावी हे संभवत नाही. ऐनवेळी फटी बुजवून आकडा जुळवला जात असावा, हाच तर्क अधिक पटतो. मूल्यांकन समितीच्या भेटीच्या आदल्या रात्री ज्या भिंतींना रंग लागतो त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तेव्हा ब्रिटिश ठेकेदाराला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

पन्नास पास्कलचा प्रश्न

५० पास्कल म्हणजे पाण्याच्या सुमारे पाच मिलिमीटर स्तंभाइतका दाब. ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर थेट आदळला तर साधारण एवढा दाब पडतो. रोज एवढा दाब नसतो. वाऱ्याच्या झुळकांनी मोजणी बिघडू नये म्हणून तो मुद्दाम मोठा घेतला जातो. मग प्रत्यक्षातील गळती काढण्यासाठी आलेल्या आकड्याला वीसने भागण्याचा एक ठोकताळा अमेरिकेत रूढ झाला आणि तो प्रशिक्षणाच्या टिपणांतून जगभर फिरला.

हा वीसचा आकडा ज्या हवामानातून आला ते हवामान नारपोलीचे नाही. थंड देशांत आत-बाहेर तीस अंशांचा फरक असू शकतो. आतली गरम हवा वर चढते, वरच्या फटींतून बाहेर पडते आणि खालच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. या ओढीचा दाब उंचीच्या दर मीटरला आणि तापमानफरकाच्या दर अंशाला सुमारे ०.०४ पास्कल असतो. पाच मीटर उंचीला तीस अंशांचा फरक असेल तर सहा पास्कल. नारपोलीत फरक पाच अंशांचा धरला तर जेमतेम एक. फटींतला प्रवाह दाबाच्या साधारण ०.६५ घाताच्या प्रमाणात बदलतो. तेव्हा एक पास्कलला ५० पास्कलच्या तेराव्या हिश्शाइतका आणि सहा पास्कलला चौथ्या हिश्शाइतका प्रवाह मिळतो. प्रत्यक्ष दाब दिवसभर बदलत राहतो आणि इमारतीच्या दोन्ही अंगांना सारखा नसतो, म्हणून हे हिस्से थेट वीसच्या जागी घालता येत नाहीत. पण एका हवामानाचा भाजक दुसरीकडे चालत नाही एवढे त्यांवरून दिसते. आपल्याकडे हवा हलते ती मुख्यतः वाऱ्याने आणि पंख्यांनी. हे न शिकवता ‘वीसने भागा’ एवढेच शिकवले तर तंत्रज्ञ बिनचूक यंत्रातून चुकीचे उत्तर काढील.

आकाराचीही अडचण आहे. वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच अशी शेड घेतली तर घनफळ १५०० घनमीटर होते. तिची हवा ५० पास्कलला ताशी वीस वेळा बदलते असे धरले, तर ताशी ३० हजार घनमीटर हवा ढकलावी लागेल. दारात बसणारा नेहमीचा चाचणीपंखा सुमारे नऊ हजार घनमीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे एका शेडला चार पंखे लागतील. पत्र्याच्या छपराच्या शेडमध्ये प्रत्यक्ष आकडा याहून मोठाच निघण्याचा संभव आहे.

नारपोलीची शेड

यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेशी विणकराचे नाते विचित्र आहे. कापसाचे सूत कोरड्या हवेत ठिसूळ होते आणि ताण्याचे धागे तुटतात. म्हणून शेडमध्ये ओल टिकवण्याचा प्रयत्न असतो. जमिनीवर पाणी मारले जाते, खिडक्या लावून घेतल्या जातात. दुसरीकडे मागांतून उडणारी रुईची कुसे, मोटारींची उष्णता आणि पत्र्यातून उतरणारे ऊन. दमट हवेत घाम वाळत नाही. कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार पिंजण-कताईच्या विभागांत अधिक आणि विणकामात तुलनेने कमी आढळतो हे खरे. पण विणकामात धूळ नसतेच असे त्यावरून म्हणता येत नाही.

एका एप्रिलमधील दुपारी विद्यार्थ्यांसह अशा एका शेडमध्ये उदबत्ती घेऊन हवेचा मागोवा घेतला होता. धूर दाराजवळ आत ओढला जात होता आणि भिंत व पत्रा यांच्यामधल्या सलग फटीतून बाहेर पडत होता. दोन खिडक्यांना आतून गोणपाट ठोकलेले होते. मालकांचे म्हणणे, वरची फट बुजवता आली तर सूत कमी तुटेल. एका कारागिराने विद्यार्थ्याला बाजूला घेऊन सांगितले की तेवढी फट राहू द्या. थोड्या वेळाने तोच कारागीर म्हणाला की सूत तुटले की त्याचेही नुकसान होते. भिवंडीत विणकराची मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या लांबीवर ठरते, आणि माग जितका वेळ थांबतो तितकी ती घटते. फट उघडी ठेवली तर मजुरी जाते, बुजवली तर श्वास कोंडतो. ही निवड त्या माणसाच्या वाट्याला आली आहे, आणि गळती मोजणाऱ्याच्या अहवालात तिला रकाना नाही.

प्रमाणित चाचणीत हेतुपुरस्सर ठेवलेली वायुवीजनाची तोंडे आधी बंद करायची असतात. उरते ती गळती. म्हणजे फट आणि झरोका यांतील भेद पद्धतीला मान्य आहे, पण तो इमारतीच्या नकाशावरून करायचा आहे. या शेडमध्ये नकाशावरचा झरोका गोणपाटाने बंद आहे आणि नकाशात नसलेली फट त्याचे काम करते आहे. शिकवल्याप्रमाणे वागणारा तंत्रज्ञ येथे प्रामाणिकपणे उलटे उत्तर देईल.

कायद्यानेही या बाबतीत फारशी मदत केली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने त्यानंतरच्या कारखान्यांसाठी दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा ठरवली आणि ४.२ मीटरवरची उंची हिशेबात धरली नाही. वायुवीजन ‘पुरेसे’ असावे असेही म्हटले. मोजले गेले ते भांडे. त्यातली हवा ताशी किती वेळा बदलते हे मूळ कलमात आले नाही. शिवाय वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची अट असल्याने, एका छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवले की तेवढेही बंधन उरत नसे.

आपल्या संहिता आणि आपले शिक्षण

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २००७ मध्ये काचेच्या झुलत्या प्रवेशद्वारांना व फिरत्या दारांना दर चौरस मीटरमागे सेकंदाला पाच लिटर आणि इतर दाराखिडक्यांना दोन लिटर अशी गळतीची मर्यादा घातली, सांधे बुजवण्यास सांगितले. संपूर्ण इमारतीची चाचणी मात्र मागितली नाही. निवासी इमारतींसाठी २०१८ ची इको निवास संहिता मात्र वेगळ्या वाटेने गेली. तिने उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, असावे असे सांगितले. एक संहिता फट मोजते, दुसरी झरोका मोजते. प्रशिक्षणात दोन्ही शेजारी ठेवून शिकवण्याची सोय आपल्याला आयती मिळालेली आहे.

गळती मोजण्याची विद्या आपल्याला परकी आहे असेही नाही. ऊर्जा लेखापरीक्षकांच्या अभ्यासक्रमात दाबयुक्त हवेच्या नळ्यांची गळती काढायला शिकवतात. सर्व यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर किती वेळ भाराखाली चालतो आणि किती वेळ भाराविना, यावरून ती निघते. एअरजेट मागांच्या कारखान्यात नळीतल्या हवेचा असा हिशेब होऊ शकतो, कारण ती विकत घ्यावी लागते. कारागिराच्या श्वासातली हवा फुकट असल्याने ती या हिशेबाबाहेर राहते. याला अपवाद रुग्णालयांचा. २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या संसर्गाची जोखीम अधिक असलेल्या कक्षांत हवा ताशी किमान १२ वेळा बदलावी असे सांगितले. तेथे वायुवेगमापक आणि धूर वापरून झरोका मोजला जातो.

फटी बुजवणे निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. मानकोलीच्या बाजूच्या गोदामांत जेथे औषधे किंवा अन्न थंड ठेवायचे असते, तेथे जुलैतली दमट हवा आत शिरणे म्हणजे थेट विजेचे नुकसान. अशा शीतकक्षाला पंख्याची चाचणी चोख लागू पडते. अडचण एकच प्रशिक्षण गोदामाला आणि शेडला सारखे लावण्यात आहे.

शेडसाठी वेगळा पाठ हवा. खोलीत श्वासाने साठलेला कार्बन डायऑक्साइड, माणसे बाहेर पडल्यावर किती वेगाने उतरतो हे साध्या मापकाने टिपता येते. बाहेरच्या पातळीपेक्षा जास्त असलेला भाग ३७ टक्क्यांवर यायला जो वेळ लागतो, त्या वेळात हवेचा एक बदल झाला असे मानतात. मोठ्या शेडमध्ये माणसे थोडी असल्याने ही वाढ मापकाला नीट दिसत नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु कारागीर जेथे पाळीपाळीने झोपतात त्या खोल्यांत ही पद्धत उत्तम चालेल. शेडमध्ये उदबत्ती, वायुवेगमापक आणि आर्द्रतामापक एकत्र वापरावेत. प्रत्येक उघडीपुढे तीन नोंदी असाव्यात: हवा आत येते की बाहेर जाते, ती उघडी कोणी ठेवली, आणि ती बुजवल्यास सूत व माणूस यांपैकी कोणाचे काय होईल. तिसरी नोंद यंत्रावरून मिळत नाही. ती कारागिराला विचारून लिहावी लागते, तीही मालक शेजारी उभे नसताना, आणि नारपोलीत बहुधा हिंदीतून.