रानातला तोतया आणि कानाची साक्ष

शिकारीच्या ओढीने दोन प्रवासी परग्रहावरच्या घनदाट अरण्यात उतरतात. तेथे त्यांना माणसांची एक तुकडी भेटते, आणि तुकडीतली सगळीच माणसे ‘माणसे’ नाहीत हे हळूहळू ध्यानात येते. ‘झायगॉन हंट’ या इंग्रजी ध्वनिनाट्याचे कथानक थोडक्यात हे असे. बीबीसीने १९६३ साली दूरचित्रवाणीवर सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या नायकाची ही साहसकथा निकोलस ब्रिग्ज यांनी लिहिली असून बिग फिनिश या ब्रिटिश संस्थेने ती २०१४ साली प्रकाशित केली. टॉम बेकर डॉक्टर झाले आहेत, तर लुईज जेमसन लीला. लीला हे नाव आपल्या चाळीतल्या शेजारणीचे वाटावे. परंतु ही लीला कमरेला सुरा लावून हिंडणारी रानकन्या आहे. तिच्या जमातीचे नाव सेवाटीम. कधीकाळी त्या ग्रहावर अडकून पडलेल्या ‘सर्व्हे टीम’चे हे वंशज, पिढ्यांच्या ओघात शब्द झिजला आणि पूर्वजांचा धंदाच कुळाचे नाव होऊन बसला. आमच्या मते संपूर्ण मालिकेतील ही एक अत्यंत मार्मिक कल्पना आहे.

झायगॉन ही त्या मालिकेत १९७५ साली प्रथम आलेली परग्रहवासी जमात. माणसाला पकडून ती त्याचे हुबेहूब रूप धारण करते. मराठी वाचकाला असल्या पात्राची ओळख करून देण्याची गरज नाही. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. भाऊंच्या तोतयाला निदान चेहऱ्याचे साम्य लागले. ध्वनिनाट्यातल्या तोतयाला तेवढाही खर्च नाही. खऱ्याला आणि खोट्याला एकच नट आवाज देतो, आणि पडताळा पाहण्यास श्रोत्याजवळ कानाखेरीज काही नसते.

येथेच या नाट्याचे बळ आहे आणि उणेपणही येथेच आहे. सोंग टाकल्यावर झायगॉन घोगऱ्या, फुसफुसत्या स्वरात बोलू लागतो आणि श्रोता चक्क सुटकेचा श्वास सोडतो, कारण शत्रू कोण ते आता कळले. खरे भय त्याआधीच्या साध्या, सभ्य संभाषणात असते. लेखकाने तेथे आणखी रेंगाळावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

उत्पत्तीच्या २७व्या अध्यायाची येथे आठवण होणे साहजिक आहे. एसाव शिकारीसाठी रानात जातो आणि त्याच्या मागे तोतया घरात शिरतो. आंधळा इसहाक हात चाचपतो, वस्त्रांचा वास घेतो, रांधलेले मांस चाखतो. ही सर्व इंद्रिये त्याला फसवतात. आवाज याकोबाचा आहे हे कानाने मात्र बरोबर सांगितलेले असते. म्हाताऱ्याने कानाचे ऐकले नाही, एवढेच. ध्वनिनाट्यात श्रोता इसहाकाच्या जागी बसतो, पण त्याच्या हाती ना वस्त्र असते ना मांस.

मग ओळखावे कशावरून? आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मुळे नीलम प्रभू, प्रभाकर जोशी आणि बाळ कुडतरकर यांचे आवाज घराघरांत पोहोचले, त्यांचे चेहरे कित्येकांनी पाहिलेही नव्हते. समजा, एके दिवशी टेकाडे भाऊजींच्या जागी त्यांच्याच आवाजात कोणी परका बोलू लागला असता, तर मीनावहिनींना संशय आला असता तो आवाजावरून नव्हे, तर थट्टा हुकली म्हणून. उत्तम श्रुतिकेने तोतयाला असे पकडावे.

१९३८ साली अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या स्वारीची नभोनाटिका सादर केली. तीत गृहमंत्र्याच्या पात्राला केनी डेलमार या नटाने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासारखा आवाज दिला होता. लोकांच्या घबराटीच्या बातम्या वृत्तपत्रांनी फुगवल्या, असे पुढील अभ्यासक सांगतात. पण तो उसना आवाज ऐकणाऱ्याच्या मनात काय करीत असेल, याची कल्पना आजच्या कुटुंबांना अधिक येईल. यंत्राने हुबेहूब नक्कल केलेल्या आवाजात ‘बाबा, अडचणीत आहे, पैसे पाठवा’ असे दूरध्वनी आता खरोखर येतात. कल्याण-डोंबिवलीत मुले परदेशी असलेली वृद्ध जोडपी आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांच्यासाठी ही विज्ञानकथा राहिलेली नाही.

हा विषय मराठी श्रुतिकाकारांनी हाती घ्यावा. सामग्री दूर नाही. ओळखीच्या आवाजात रात्री दाराशी साद घालणारी हाकमारी आपल्या लोककथांत आहेच (श्रद्धा म्हणून तिला आम्ही थारा देत नाही, कल्पना म्हणून ती झायगॉनपेक्षा सरस आहे). आणि अरण्य तर ठाण्याच्या वेशीवरच आहे. वैशाखी पौर्णिमेला येऊरच्या वनात पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद होते. बिबट्याच्या भयाने कोणी खाली उतरत नाही, बोलणे दबक्या आवाजात चालते, शेजारच्याचा चेहरा पानांच्या सावलीत दिसत नाही. अशा वेळी पलीकडच्या मचाणावरून ओळखीचा आवाज येतो आणि विचारतो, ‘तुम्ही किती जण आहात?’ नेपथ्याचा खर्च शून्य, पात्रे चार, अवधी अर्ध्या तासाचा पुरे.