सूची आणि श्रवण

पॉडकास्टच्या निर्देशिकेत सहसा ध्वनिमुद्रण नसते; असतो त्याचा पत्ता, आणि निर्मात्यानेच पुरवलेले शीर्षक, वर्णन व वर्ग. श्रोत्याला प्रथम भेटते ते निर्मात्याचे स्वतःविषयीचे विधान. त्यासाठी वर्गांची चौकटच अपुरी पडली तर काय होते, हे २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलकम टू नाइट व्हेल’ या अमेरिकी श्राव्य कथामालेवरून दिसते. वाळवंटातील कल्पित गावाच्या नभोवाणीचे वृत्तनिवेदन, हे तिचे रूप. भयावह घटनाही निवेदक सेसिल नित्याच्या बातमीसारख्या सांगतो; ‘हवामान’ म्हणून तर चक्क गाणे लागते! येथे अर्थ घटनेपेक्षा सुरात अधिक आहे. ॲपलच्या निर्देशिकेत कथात्म साहित्याचा स्वतंत्र मुख्य वर्ग मात्र २०१९ मध्ये आला. त्यापूर्वीच, २०१३ मध्ये, ही मालिका तेथील लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली होती, ती मुख्यतः टम्बलरवरील रसिकांच्या बोलण्यातून. सूचीने तिचा शोध लावला नाही, लागलेल्या शोधाची नोंद केली. या नोंदीलाच मूल्यनिर्णय मानले जाते, याचा दोष काही अंशी समीक्षेकडेही जातो. नभोनाट्याचा विचार करतानाही आपला हात आधी छापील संहितेकडेच जातो. निवेदकाचा विराम कोठे पडला, हे क्वचितच नोंदवले जाते.