वर्षभराचे वाचन

गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून कीर्तनाला उभे राहणे बंद झाले. मोशीच्या घरी आता ग्रंथांचीच संगत. नातू चाकणच्या कारखान्यात आहे. दुसऱ्या पाळीहून तो परतेपर्यंत मी जागा असतो. तेवढा वेळ वाचनाचा.

यंदा डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा 1984 सालचा ग्रंथ पुरा केला. विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात आहे, वैष्णव रूप पुढे घडले, असे ते मांडतात. पुंडलिकाचे आख्यान सांगण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला हे आधी झोंबले. पण मेंढरांमागे हिंडणाऱ्यांचा देव संतांनी उराशी धरला असेल, तर त्यात देवाला काय उणे आले? ग्रंथ जड आहे, सवडीने वाचावा. श्रद्धा त्याने ढळत नाही, उलट तिचा पैस वाढतो.

दुसरे वाचन लहान, पण जिव्हारी लागले. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख. बाई दिंडीबरोबर पायी चालल्या. भजनात सगळे एक, जेवणाच्या वेळी मात्र जातीजातीची चूल वेगळी, हे त्यांनी पाहिले आणि त्याचे दुःख केले. बाहेरच्यांना आमचे काय कळणार, असे म्हणून पान उलटावेसे वाटले. पण त्या बाहेरच्या कशा? उन्हापावसात आपल्याबरोबरच चालल्या होत्या. शिवाय त्यांनी प्रेमही तितक्याच मोकळेपणाने लिहिले आहे. म्हणूनच त्यांचा दोष दाखवणे खरे वाटते.

मग माझी एक पंगत आठवली. तरुणपणी एका गावी काल्याचे कीर्तन केले. देवाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, हे रंगवून सांगितले. लोकांचे डोळे भरून आले. नंतर मला माजघरात पाट मिळाला आणि माझ्या मृदंगवादकाला ओसरीवर वेगळे वाढले. मी पाहिले आणि जेवलो.

हा लेख नातवाला दिला. वाचून त्याने विचारले, “आबा, तुम्ही तेव्हा काही बोललात का?” नाही, असे सांगावे लागले.

माऊली, दिंडी निघण्याआधी हा लेख एकदा सर्वांसमोर वाचावा. मग काल्याचा प्रसाद घ्यावा.