‘कर्करोग’: एका संज्ञेची चिकित्सा

‘कर्करोग’ ही संज्ञा मराठीत इतकी रुळली आहे की ती आयुर्वेदातूनच आली असावी, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. या समजास आधार नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात या वर्गातील विकारांस ‘ग्रंथी’ व ‘अर्बुद’ ही नावे आहेत. मांसार्बुद तेथे असाध्य ठरविले आहे. एका अर्बुदावर दुसरे उद्भवल्यास त्यास ‘अध्यर्बुद’ म्हटले आहे. खेकड्याचा मात्र तेथे मागमूस नाही. मौज अशी की, त्याच स्थानाच्या पंधराव्या अध्यायात तो भेटतो, पण अस्थिभंगाचा एक प्रकार म्हणून: मोडलेले हाड मध्यभागी गाठीसारखे वर आले म्हणजे ते ‘कर्कटक’.

रोगाच्या नावातील खेकडा ग्रीकांचा. हिपोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांत ‘कार्किनोस’ व ‘कार्किनोमा’ हे शब्द येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने त्यांच्या जागी खेकड्याचाच वाचक असलेला लॅटिन ‘कान्सेर’ योजिला. दुसऱ्या शतकात गॅलेनने उपमेची फोड केली: स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. अरबी वैद्यकाने ‘सरतान’ म्हटले, जर्मनांनी ‘क्रेब्स’. दोन्हींचा अर्थ खेकडाच. ‘कर्करोग’ हे याच मालिकेतील भाषांतर होय. ते परके वाटत नाही याचे कारण ‘कर्कट’ आणि ‘कार्किनोस’ यांतील ध्वनिसाम्य. व्युत्पत्तिकार बहुधा ते एकाच प्राचीन मूळाचे मानतात. शब्दांचे गोत्र जुने असले तरी त्या शब्दाने रोग दाखविण्याची रीत आपली नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच वरील समज बळावला असावा.

शिवाय प्रतिमा मराठीत येताना मृत झाली. जर्मन माणसाला ‘क्रेब्स’मध्ये जिवंत प्राणी ऐकू येतो. मराठी माणूस ओढ्यात धरतो तो खेकडा. ‘कर्क’ त्याला राशिभविष्यात आणि भूगोलातील कर्कवृत्तात भेटतो. अर्थ न कळणाऱ्या कानाला त्यात ‘कर्कश’च अधिक ऐकू येते.

बोलीने आपला शब्द निवडला तो ‘गाठ’. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि दरबारची भाषा उर्दू होती. तरीही ‘सरतान’ मराठी बोलीत रुजला नाही. ‘गाठ’ हा शब्द हाताने घडविलेला आहे, डोळ्याने नव्हे. तो चाचपून कळतो. गाठभेट, लग्नगाठ, मनातली गाठ असा त्याचा गोतावळा मोठा. साहित्यदृष्ट्या तो ‘कर्करोगा’हून सरस, हे माझे मत.

परंतु याच प्रदेशात त्याची मर्यादाही उघड होते. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिच्या आरंभीच्या नोंदींत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा रोग सर्वाधिक आढळला, आणि त्यात आरंभी हाताला लागेल अशी गाठ नसते. १९९९ पासून याच जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: विषाणूची तपासणी एकदाच देऊ केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू, अशी तपासणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे निम्मे होते.

तक्रार नसलेल्या स्त्रीला तपासणीस बोलावताना ‘गाठ’ म्हणून चालत नाही. ‘मला कुठे गाठ आहे?’ हे तिचे उत्तर भाषेच्या दृष्टीने बिनतोड आहे. ‘कर्करोग’ तिला पुस्तकी वाटतो. उरतो ‘कॅन्सर’. शुद्धिवादी त्याला नाके मुरडतील. पण बार्शीच्या रुग्णालयाच्या नावातही तोच आहे. मराठी कानाला तो कोणतेच चित्र दाखवीत नाही, म्हणूनच गाठ असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही रोगांना तो सारखाच लागू पडतो.