भाकित आणि अंदाज

गड्ड्याच्या यात्रेत होमप्रदीपनाच्या रात्री भाकणूक होते, हे सोलापूरकराला सांगायला नको. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरं, गाजर, बोरं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मुततं का, यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून हे पाहिलंय. माझं त्याच्याशी भांडण नाही. भाकणं म्हणजे बोलून दाखवणं, आणि लोक तिथे मानकऱ्यांचा शब्द ऐकायलाच येतात.

भांडण आहे मोबाइलवरच्या बातम्यांशी. मागे एका सप्टेंबरात 'जिल्ह्यात धो धो पाऊस, हवामान खात्याचं भाकित' असं शीर्षक फिरत होतं. चौथ्या ओळीत होतं, 'तुरळक ठिकाणी शक्यता'. मंगळवेढ्याच्या मामाने शीर्षक वाचून ज्वारीची पेरणी थांबवली. पाऊस आला नाही आणि जमिनीतली ओल गेली.

इंग्रजी 'फोरकास्ट'चा जुना अर्थ आधीच बेत आखणं असा. त्यातलं 'कास्ट' म्हणजे मुळात फेकणं. हवामानासाठी हा शब्द रुळवला रॉबर्ट फिट्झरॉयने. डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचा हा कप्तान. ऑगस्ट 1861 पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याचे अंदाज छापून येऊ लागले. हे भविष्यकथन नव्हे, निरीक्षण आणि गणितातून काढलेलं मत आहे, म्हणून त्याने मुद्दाम हा शब्द घेतला. तरी चुकला की लोक खिल्ली उडवायचेच.

गंमत म्हणजे आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आधीपासून आहे. 'अंदाज' फारसीतल्या 'अंदाख्तन'वरून आला, म्हणजे तोही फेकणंच. तीरंदाज बाण फेकतो, गोलंदाज चेंडू. नेम धरायचा, फेकायचं. लागेल किंवा चुकेल. चुकण्याची सोय शब्दातच आहे. 'भाकित'मध्ये ती नाही, म्हणून तर शीर्षकवाल्यांना तो आवडतो. ('पूर्वानुमान' ही हिंदीतून आलेली उसनवारी, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

पण 'अंदाज वर्तवला' असं चांगले लोकही लिहितात, तेव्हा नाम नेम धरतं आणि क्रियापद पंचांग उघडून बसतं. मी 'अंदाज दिला' लिहितो.

मामा आता शीर्षकावर थांबत नाही. फोन करून चौथी ओळ वाचून दाखवतो आणि विचारतो, "तुरळक म्हंजे आपल्याकडं का पंढरपूरकडं रे?"