भविष्यवाणी नव्हे, कबुलीजबाब

युगांडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेक इदी अमीनच. ऑगस्ट १९७२मध्ये त्याने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्याच वर्षी, या हुकमाच्या थोडं आधी, कंपालात जन्मलेले गोवेकर लेखक पीटर नाझारेथ यांची ‘इन अ ब्राउन मँटल’ ही इंग्रजी कादंबरी आली होती. पुढे काय होणार याची चाहूल तिच्यात होती, म्हणून तिला ‘भविष्यवाणी’ म्हणायची पद्धत पडली. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणात मी याच शब्दाशी भांडतोय.

भविष्यवाणी म्हटलं की सगळा दोष हुकूमशहावर टाकून आपण मोकळे. कादंबरी तसं मोकळं होऊ देत नाही. दामिबिया नावाचा काल्पनिक देश. गोवेकर निवेदक तिथल्या राजकारणात शिरतो, ते सडताना बघतो, स्वतःही लाच खातो आणि मग परदेशात बसून हे सगळं सांगतो. म्हणजे हा कबुलीजबाब आहे. ब्रिटिशांनी रचलेल्या उतरंडीत वर गोरे, खाली आफ्रिकन आणि मध्ये आपले कारकून-व्यापारी. मधल्याच्या हाती खरी सत्ता नसते, पण त्या पायरीचे फायदे तो घेतोच.

हे मला ग्रंथालयापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या आमच्या घरात जास्त कळलं. आजोबा तेलंगणातून सोलापूरला आले. घरी तेलुगू, बाहेर मराठी. “मूळचे कुठले?” हा प्रश्न मला अजून टोचतो. पण बाबा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मजुरीवाढीची बोलणी निघाली की यंत्रमागावरचे कामगार त्यांच्याशी मोकळं बोलत नाहीत. बाबा म्हणतात, “मी काय मालक आहे का?” निवेदकाचा सूर मला तिथे ओळखू आला. सोलापूर म्हणजे कंपाला नव्हे, आम्हाला कुणी घालवत नाहीये. मी तुलना करतोय ती फक्त पायरीची.

कादंबरीत खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. राजकीय चर्चा फार लांबते. नेते भरपूर बोलतात, तळचा कष्टकरी मात्र मला पुरेसा ऐकू येत नाही. पण तोही मधल्या पायरीवरून ऐकण्याचाच परिणाम असेल का, हा प्रश्न मी प्रकरणात उघडा ठेवलाय.

तुम्ही वाचलीत तर पुढे अमीन येणार आहे हे विसरून वाचा. निवेदक कुठे गप्प बसतो, तिथे पेन्सिलने खूण करा. माझ्या प्रतीत बऱ्याच झाल्यात. बाबांना अजून दाखवलेल्या नाहीत.