सूचीकार हाच पहिला टीकाकार

ग्रंथालयाची सूची ही वाचावयाची वस्तु आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. आम्हीं मात्र परवां एक सूची पानोपान चाळली. चरित्रें, टीकाग्रंथ, बालवाङ्मय असे विभाग उलटतां उलटतां 'श्यामची आई' आम्हांस बालवाङ्मयांत आढळली. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक मुलांचें खरें. परंतु त्याचा पाया लेखकाचें स्वतःचें बालपण हाच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' मात्र चरित्रविभागांत मानानें बसलीं आहेत. तीं तेथें शोभतात, यांत शंका नाहीं. पण श्यामला तो दरवाजा बंद कां? पुस्तक सोपें असलें कीं तें केवळ मुलांचें, हा निवाडा येथें एकहि ओळ न लिहितां होऊन गेला. म्हणून सूचीकार हा पहिला टीकाकार होय, आणि त्याच्या टीकेला कोणी उत्तर देत नाहीं. उपाय अगदीं सोपा आहे: अशा पुस्तकाची नोंद दोन्ही विभागांत करावी. लहानपणीं श्यामबरोबर रडलेला वाचक चाळिशींत त्याला पुन्हां शोधूं लागेल, तेव्हां त्यास मुलांच्या कपाटापुढें ओशाळें होऊन उभें राहावें लागूं नये.